जायचं तिकीट वापरलं नाही, तर यायचं चालतं का?

आज बोलायचं आहे विमानाच्या जाण्या-येण्याच्या तिकिटाबद्दल. काही जणी लगेच म्हणतील, आम्हाला कुठलं आलंय विमान! पण २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या पनवेल तालुक्यातून विमानं उडतायत. त्या विमानतळासाठी दहा गावं उठली. तिथल्या बायका आज आपल्याच गटांमध्ये आहेत. आणि खरं सांगायचं तर विमानाचं तिकीट आता आपल्या बैठकांमध्ये येऊन बसलं आहे. कोणाला काशीला जायचंय, कोणाला दिल्लीच्या प्रदर्शनात माल न्यायचाय, कोणाची लेक मस्कतला नाहीतर दुबईला बाळंत व्हायची आहे. तिकीट बहुतेक वेळा भाचा काढतो, जावई काढतो, नाहीतर नाक्यावरचा एजंट काढतो. आपल्या हातात येतो एक कागद. त्यावर दोन ओळी असतात, एक जाण्याची आणि एक येण्याची.

आमच्याकडे सारखा येणारा प्रश्न असा: ताई, मी जाताना दुसऱ्या वाटेने गेले, ते जाण्याचं तिकीट वाया गेलं तर गेलं, पण येताना तरी हे तिकीट चालेल ना?

उत्तर आधीच सांगून ठेवतो. एकाच बुकिंगमध्ये काढलेलं तिकीट असेल, तर पुष्कळ विमान कंपन्यांकडे चालत नाही. तुम्ही पहिल्या विमानात बसला नाहीत, की पुढची सगळी विमानं तुमच्या नावावरून काढून टाकली जातात. पैसे पूर्ण भरलेले असले तरीही.

हे पटत नाही, आणि न पटण्याचं कारण साधं आहे. आपल्याला सवय लोकलची. उरणहून नेरुळचं रिटर्न तिकीट काढलं, तेवढ्यात कोणीतरी गाडीतून सोडलं, म्हणून जाताना लोकलने गेलोच नाही, तरी संध्याकाळी येताना तेच तिकीट घेऊन आपण गाडीत बसतो. जाताना कशाने गेलात, असं कोणी विचारत नाही. एसटीतही जाण्याचं वेगळं, येण्याचं वेगळं. त्यामुळे आपल्या डोक्यात तिकीट म्हणजे दोन तुकडे, एक फाटला तरी दुसरा शाबूत.

विमान कंपनीच्या हिशेबात ते दोन तुकडे नसतात. मुंबई ते दिल्ली आणि दिल्ली ते मुंबई हा तिच्या लेखी एकच करार. पूर्वी कागदी तिकिटांचं पुस्तक असायचं आणि त्यात प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याचं एकेक कूपन असायचं. ती कूपनं क्रमाने फाडायची, पहिलं न फाडता दुसरं दिलं तर घ्यायचं नाही, असा नियम होता. कागद गेला, नियम राहिला. आता तो संगणक पाळतो. विमान सुटलं आणि तुमचं नाव चढलेल्यांच्या यादीत नसलं, की तुमच्यासमोर ‘नो-शो’ लागतं, म्हणजे आलीच नाही. मग पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात. कोणी माणूस बसून ठरवत नाही, त्यामुळे दया यायलाही तिथे कोणी नसतं.

एका गटातल्या ताईंचं काय झालं ते सांगतो. दिल्लीच्या प्रदर्शनासाठी त्यांना जाण्या-येण्याचं विमानाचं तिकीट काढून दिलेलं होतं. पण माल होता सुकट, बोंबील, तांदळाचे पापड आणि मसाले. विमानात इतकं वजन न्यायचं तर जादा पैसे, शिवाय सुकटीच्या वासाची चिंता. म्हणून त्या मालासोबत दोन दिवस आधीच रेल्वेने गेल्या. विचार साधा होता, येताना हात मोकळे, तेव्हा विमानाने येऊ. प्रदर्शन छान झालं, माल संपला. दिल्लीच्या विमानतळावर खिडकीशी गेल्या, तर तिथल्या मुलीने सांगितलं, तुमचं बुकिंगच दिसत नाही. हातात कागद, कागदावर नाव, तारीख, सगळं बरोबर. तरी नाव नाही. रात्रीची वेळ, एकटी बाई, हिंदी जेमतेम. शेवटी त्याच दिवसाचं नवं तिकीट काढावं लागलं, आणि ऐनवेळचं तिकीट किती महाग असतं ते वेगळं सांगायला नको. प्रदर्शनातल्या कमाईचा मोठा भाग त्यात गेला.

नंतर गटात वाद झाला तो वेगळाच. हा खर्च गटाने सोसायचा की त्या ताईंनी? काही जणी म्हणाल्या, त्यांनी विचारायला हवं होतं. आमचं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे की तो गटाचा खर्च. माल गटाचा, प्रवास गटाच्या कामाचा, आणि तो नियम तिकिटाच्या मागच्या पानांवर बारीक इंग्रजीत होता. जो नियम कोणी समजावून सांगितलाच नाही, तो मोडला म्हणून एकट्या बाईला भुर्दंड लावणं बरं नाही. गटाने ठरावात लिहून खर्च मंजूर केला, तेव्हा कुठे त्या ताई बैठकीला पुन्हा मोकळेपणाने बोलायला लागल्या.

आता कंपन्या असं का करतात? करंजाच्या धक्क्यावर मासळी घेणाऱ्या बायांना हे लवकर कळेल. वाटा घेतला तर एक भाव आणि वाट्यातला एकच पापलेट उचलून मागितला तर दुसरा भाव. कधीकधी तर त्या एका पापलेटाला सगळ्या वाट्यापेक्षा जास्त पैसे सांगतात. विमानाचा भाव तसाच असतो, किलोमीटरवर नसतो. कुठल्या मार्गावर किती गर्दी, समोर दुसरी कंपनी किती भावात विकते, माणूस कामाला चाललाय की फिरायला, यावर तो ठरतो. त्यामुळे परदेशी प्रवासात पुष्कळदा जाऊन-येऊन तिकीट नुसत्या जाण्याच्या तिकिटापेक्षा फार महाग नसतं, आणि काही वेळा स्वस्तही पडतं. तसंच थेट विमान महाग आणि मध्ये एक विमान बदलून पुढे जाणारं स्वस्त, असंही होतं. मग हुशार प्रवासी काय करतो? स्वस्तातला अख्खा वाटा घेतो आणि नको तो भाग टाकून देतो. ते होऊ नये म्हणून कंपन्यांनी क्रमाचा नियम घट्ट धरून ठेवलाय. आपल्या द्रोणागिरी डोंगराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मारुतीला हवी होती एक मुळी, पण आणावा लागला सबंध डोंगर, आणि त्याचा एक तुकडा म्हणे इथे पडला. कंपनीही सबंध डोंगरच विकते. फरक इतकाच, की तुकडा पाडायला परवानगी नाही.

या नियमावरून जगभर भांडणं झाली आहेत. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, की एक टप्पा चुकला म्हणून बाकीचं तिकीट सरसकट रद्द करणं ग्राहकावर अन्याय करणारं आहे. मात्र मुद्दाम स्वस्तात जाण्यासाठी कोणी टप्पा गाळला, तर कंपनीने भाड्यातला फरक मागायला हरकत नाही. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये आयबेरिया कंपनीची अशीच अट बेकायदा ठरवली. अमेरिकेत उलट वारं आहे. तिथे स्किपलॅग्ड नावाचं एक संकेतस्थळ मधल्या शहरात उतरून पुढचा टप्पा सोडण्याची तिकिटं शोधून देतं. त्याच्यावर अमेरिकन एअरलाइन्सने खटला भरला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये टेक्सासमधल्या ज्युरीने ९४ लाख डॉलर द्यायला सांगितले. त्यातला अर्धा भाग कंपनीचं बोधचिन्ह विनापरवाना वापरल्याबद्दल होता, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आम्हाला जर्मनीचा न्याय जास्त पटतो. आजारपणाने पहिलं विमान चुकलेली बाई आणि भाव बघून डाव टाकणारा माणूस यांना एका मापाने मोजू नये. पण तुम्ही विमानतळावरच्या खिडकीशी उभ्या असाल तेव्हा तिथे चालते ती तिकिटावरची अट.

आता एक बारकावा. पहिला टप्पा सोडला तर पुढचं जातं. पण शेवटचा टप्पा सोडला तर? समजा जाताना विमानाने गेलात, आणि येताना भावाने रेल्वेने सोबत आणलं. तिथे पुढे रद्द व्हायला काही उरलेलंच नसतं, त्यामुळे घोटाळा होत नाही. पैसे मात्र तुमचे, म्हणून आधी रद्द करून जे मिळेल ते परत घ्यावं. आणि मध्ये विमान बदलायचं असेल तेव्हा मधेच उतरून घरी जाण्याचा विचार करू नका. जाताना खिडकीवर दिलेली मोठी बॅग शेवटच्या गावाला जाते, तुमच्यासोबत मधे उतरत नाही. शिवाय हे वारंवार करणाऱ्यांची कंपन्या नोंद ठेवतात.

जाणूनबुजून तिकीट सोडणाऱ्या बायका आपल्यात थोड्या. आपल्याकडे पहिलं विमान चुकतं ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण आता आपल्या दारातच आलंय. मुंबईला दोन विमानतळ झालेत. एक सांताक्रूझ-अंधेरीकडचा जुना, छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ. दुसरा आपला नवी मुंबईचा. मोबाइलवर ‘मुंबई’ शोधलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. मुलगा स्वस्त दिसेल ते दाबतो. मग जाणं एका विमानतळावरून आणि येणं दुसऱ्यावर, असंही होतं. येताना दुसरीकडे उतरलात तर फार तर रिक्षा-टॅक्सीचा खर्च वाढेल. पण जाताना चुकीच्या विमानतळावर पोहोचलात, तर मध्ये खाडी, अटल सेतू आणि गर्दी. देशातल्या प्रवासाला विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी खिडकी बंद होते. तेवढ्यात इकडून तिकडे पोहोचणं कठीण. म्हणजे विमान चुकलं, नो-शो लागलं, आणि त्याच दणक्यात परतीचंही गेलं. घरापासून अर्ध्या तासावर विमानतळ आला म्हणून आपण निर्धास्त असतो, म्हणून हे जास्त जपायला हवं.

ओळखायचं कसं? तिकिटावर गावाच्या नावाशेजारी तीन अक्षरं असतात. जुन्या विमानतळाची बीओएम, आपल्या नव्याची एनएमआय. ती इंग्रजीत असतात, पण तीन अक्षरं कोणालाही ओळखता येतात. गटातल्या शाळकरी मुलीकडून ती मोठ्या अक्षरात तिकिटावर लिहून घ्या, जाण्याची वेगळी आणि येण्याची वेगळी. जुन्या विमानतळाला दोन टर्मिनल आहेत, तो आकडाही लिहा.

तरीही जाण्याचा बेत बदललाच, तर काय करायचं? पहिलं म्हणजे विमान सुटायच्या आधी बोला. नंतर बोलून काही होईलच असं नाही, आधी बोललात तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. कंपनीच्या ग्राहक केंद्राला फोन करून असं सांगायचं: मी जाण्याच्या विमानात बसणार नाही, मला येण्याचं विमान तसंच ठेवायचं आहे. ते कदाचित भाड्यातला फरक किंवा बदलाचं शुल्क सांगतील. ते नव्या तिकिटाच्या भावाशी ताडून बघा. जे ठरेल ते ईमेलवर किंवा मेसेजवर मागा. फोनवर कोणी ‘हो हो, चालेल’ म्हटलं, तर तो शब्द विमानतळावरच्या खिडकीपर्यंत पोहोचत नाही. नवं तिकीट हातात आलं की कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून परतीचं विमान दिसतंय ना, ते स्वतः बघा. तिकीट एजंटने काढलं असेल तर बदल त्याच्याकडूनच करा असं कंपनी म्हणू शकते. म्हणून एजंटचा नंबर आणि पावती जपून ठेवा.

गटाच्या सहलीत आणखी एक पेच असतो. पाच-सहा जणींची तिकिटं एकाच पीएनआरवर असतात. त्यातल्या एकीच्या घरी अडचण आली, ती नंतर येणार, तर घाईत कोणीतरी मोबाइलवर ‘रद्द करा’ दाबतं आणि सगळ्यांचं रद्द होतं. आधी कंपनीला सांगून त्या एकीचं नाव वेगळ्या पीएनआरवर काढून घ्यायचं, मग तिचाच बदल करायचा. एका बाईची चेक-इन झाली आहे आणि ती विमानतळावर येणार नाही, हेही कळवा. चेक-इन झालं म्हणजे ती विमानात बसली असं होत नाही.

मग दोन वेगळी तिकिटंच का काढू नयेत? देशातल्या प्रवासात हे पुष्कळदा चांगलं पडतं. कमी भाड्याच्या कंपन्या प्रत्येक टप्प्याचा भाव वेगळाच लावतात, त्यामुळे दोन तिकिटांची बेरीज आणि जाऊन-येऊन तिकीट यात फारसा फरक नसतो. तारीख नक्की नसेल, माल घेऊन रेल्वेने जायची शक्यता असेल, तर दोन वेगळे पीएनआर घ्या. एक चुकला तर दुसरा शाबूत, अगदी लोकलच्या तिकिटासारखा. पण हीच युक्ती विमान बदलायच्या प्रवासात वापरू नका. एकाच बुकिंगवर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढे पोहोचवायची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळ्या तिकिटांवर तसं झालं, तर जबाबदार कोणीच नाही.

सगळं बिघडलंच, विमान चुकलं, तरी एक हक्क उरतो आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या देशातल्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे, की प्रवासी आला नाही तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावी लागतात. मूळ भाडं ‘परत मिळणार नाही’ असं लिहिलेलं असलं, सवलतीचं तिकीट असलं, तरीही. नवीन विमानतळांवर ही शुल्कं काही शेकड्यांत असतात, कधी जास्तही. ती आपणहून खात्यात येतील याची वाट बघू नका, मागा. कंपनीने दाद दिली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा संकेतस्थळावर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि त्यापुढे जायचं तर रायगड जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तिकीट कुठेही काढलेलं असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तिकीट, मेसेज, नव्या तिकिटाची पावती, खिडकीवर काय सांगितलं ते त्याच दिवशी लिहून ठेवलेलं, एवढं जवळ हवं.

शेवटी परदेशाचं. बाळंतपणाला जाणाऱ्या आईला विमानतळावर परतीचं तिकीट विचारतात, कारण ती पर्यटक म्हणून जाते आणि परत जाणार याचा पुरावा त्यांना हवा असतो. म्हणून तिथे जाऊन-येऊन तिकीटच काढावं लागतं. बाळ आधी आलं, राहायचं लांबलं, तर परतीची तारीख बदलून घ्यायची, तिकीट तसंच सोडून द्यायचं नाही. आणि व्हिसाची मुदत तिकिटाच्या तारखेने वाढत नाही, ती वेगळी बघायची.

पण आम्हाला जास्त काळजी वाटते ती कामाला जाणाऱ्या बायकांची. घरकामाला आखातात नेतो म्हणणारा एजंट पर्यटक व्हिसा काढतो आणि सोबत परतीचं तिकीट दाखवतो. बाई म्हणते, परतीचं तिकीट आहे, नाही जमलं तर येईन. ते तिकीट एजंटने त्याच्या मोबाइलवरून काढलेलं असतं, पैसे त्याच्या खात्यातून गेलेले असतात. तुम्ही तिकडे उतरलात की तो ते रद्द करू शकतो, आणि जे पैसे परत मिळतील ते त्याच्याच खात्यात जातात. तुमच्या हातातला कागद तसाच राहतो. पर्यटक व्हिसावर काम करणं तिथल्या कायद्यात गुन्हा आहे, म्हणजे तक्रार करायलाही तोंड राहत नाही. कामाला जायचं तर कामाचाच व्हिसा हवा. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर आखाती देशांसाठी सरकारी परवानगीची अट असते, आणि घरकामाला जायचं तर वय तीस पूर्ण हवं. ही परवानगी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी कार्यालयाकडून मिळते, आणि नोंदणीकृत एजंटची नावं सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतात. तुमच्या ओळखीत कोणी अशा तयारीत असेल, तर निघायच्या आधी तिच्याकडून पीएनआर घेऊन ठेवा. ती पोहोचल्यावर आठ-पंधरा दिवसांनी घरच्यांनी तो संकेतस्थळावर टाकून बघायचा. परतीचं विमान दिसेनासं झालं असेल, तर त्याच दिवशी तिला फोन लावायचा.